पायरी किती उंच असावी?

गारखेडा भागात आमचे कनिष्ठ महाविद्यालय आहे. विभागीय क्रीडा संकुल जवळच असल्यामुळे मुरगळलेले पाय, दुखावलेले गुडघे, पट्ट्या बांधलेले खेळाडू हे आमच्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातले. त्यामुळे बारावीनंतर फिजिओथेरपी, म्हणजे भौतिकोपचार, शिकावे असे दरवर्षी चार-दोन जणांच्या तरी मनात येते. काही वर्षांपूर्वी अशाच एका विद्यार्थिनीने मला एक प्रश्न विचारला.

तिच्या आजीला पक्षाघाताचा झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली होती. रुग्णालयातून घरी आणल्यावर एक मावशी रोज दोन वेळा येत, आजीचे हातपाय हलवून घेत, तिला उठवून बसवीत, भिंतीला धरून उभे करीत. दीड महिन्यात आजी काठी घेऊन ओट्यापर्यंत जाऊ लागली. मुलगी म्हणाली, "मॅडम, मावशींचं शिक्षण सातवीपर्यंत. आणि या अभ्यासक्रमाला साडेचार वर्षं. मावशींना जे येतं ते शिकायला साडेचार वर्षं कशाला लागतात?"

प्रश्न भाबडा वाटला तरी तसा नाही. गेली सव्वाशे वर्षे जगभर या व्यवसायात हाच वाद चालू आहे. हे काम करण्यासाठी किती शिकलेले असावे? आणि शिक्षणाची अट वाढवली की नेमके काय मिळते, काय जाते? त्या मुलीला दोन मिनिटांत उत्तर देता आले नाही. म्हणून ही गोष्ट सुरुवातीपासून पाहू.

चार परिचारिका आणि एक बदनामी

अंग चोळणे, रगडणे, सांधे हलवून मोकळे करणे हे उपचार फार जुने आहेत. आपल्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावणाऱ्या बायका, तालमीतले वस्ताद हे सारे याच विद्येचे जाणकार. युरोपात या विद्येला शाळेचे रूप दिले स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग याने. १८१३ मध्ये त्याने स्टॉकहोम येथे व्यायामशिक्षणाची संस्था काढली आणि तेथे उपचारासाठीचा व्यायामही शिकवला जाऊ लागला.

इंग्लंडमध्ये मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगळीच अडचण उभी राहिली. लंडनमध्ये मालिशच्या नावाखाली भलतेच धंदे चालतात, असा गवगवा १८९४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या वैद्यकीय नियतकालिकाने केला. प्रामाणिकपणे हे काम करणाऱ्या परिचारिकांचीही त्यात नाचक्की होऊ लागली. तेव्हा चार परिचारिकांनी त्याच वर्षी 'प्रशिक्षित मालिशकर्त्या स्त्रियांची संस्था' स्थापन केली. संस्थेने परीक्षा सुरू केली आणि कडक नियम घातले : डॉक्टरने सांगितल्याशिवाय उपचार करायचा नाही, रुग्णाला औषधे विकायची नाहीत, वैद्यकीय पत्रांखेरीज कुठे जाहिरात करायची नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पहिली परीक्षा आली ती मुख्यतः ज्ञान वाढवण्यासाठी नव्हे, तर विश्वास मिळवण्यासाठी. 'ही बाई शिकलेली आहे, तिच्या हाती रुग्ण सोपवायला हरकत नाही' एवढे त्या प्रमाणपत्राने सांगायचे होते. त्या विश्वासाची किंमतही होती. निर्णय डॉक्टरचा आणि हात मालिशवालीचा, अशी विभागणी पक्की झाली. १९२० मध्ये संस्थेला राजसनद मिळाली, १९४४ मध्ये तिच्या नावात 'फिजिओथेरपी' हा शब्द आला, पण कोणता उपचार द्यायचा हे स्वतः ठरवण्याची मोकळीक ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील भौतिकोपचारकांना मिळायला १९७७ साल उजाडावे लागले.

युद्ध, पोलिओ आणि एक पदवी नसलेली बाई

पहिल्या महायुद्धाने हजारो तरुणांना अपंग केले. १९१७ साली युद्धात उतरलेल्या अमेरिकेकडे या कामासाठी शिकलेली माणसे जवळजवळ नव्हतीच. मग तरुण स्त्रियांना काही महिन्यांचे प्रशिक्षण देऊन लष्करी रुग्णालयांत पाठवण्यात आले. त्यांना 'पुनर्रचना सहायिका' असे नाव होते. म्हणजे ज्या व्यवसायात पुढे डॉक्टर ही उपाधी आली, त्याची अमेरिकेतली सुरुवात काही महिन्यांच्या शिक्षणाने आणि 'सहायिका' या नावाने झाली. गरज तातडीची असली की पायरी खाली येते, हे या इतिहासात वारंवार दिसते.

दुसरी तातडी पोलिओची. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील प्रेरक चेतापेशींवर हल्ला करतो. या पेशी मेल्या की त्यांच्या ताब्यातील स्नायूंना हुकूम पोहोचत नाही आणि ते लुळे पडतात. अशी मुले वाकडी होऊ नयेत म्हणून १९३०-४० पर्यंत त्यांचे हातपाय महिनोन् महिने फळ्यांना किंवा प्लॅस्टरमध्ये बांधून ठेवण्याची पद्धत होती. त्यामुळे सांधे आखडत आणि जे स्नायू वाचले होते तेही न वापरल्यामुळे रोडावत.

या पद्धतीला आव्हान दिले ते ऑस्ट्रेलियाच्या एलिझाबेथ केनी हिने. खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या या बाईजवळ परिचारिकेचीही रीतसर पदविका नव्हती. ती फळ्या काढून टाकी, गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या लोकरी पट्ट्या स्नायूंवर गुंडाळी आणि वेदना कमी झाल्या की हातपाय हळूहळू हलवून घेई. ऑस्ट्रेलियातील अनेक डॉक्टरांनी तिला उडवून लावले. १९४० मध्ये ती अमेरिकेत गेली आणि थोड्याच वर्षांत तिची पद्धत पसरली. बांधून ठेवण्याची रीत मागे पडली.

येथपर्यंत ऐकले की वाटते, पदवीला काय जाळायचे आहे? पण गोष्टीचा दुसरा भागही सांगायला हवा. केनीचा उपचार उपयोगी होता, पण त्यामागचे तिचे स्पष्टीकरण मोठ्या प्रमाणात चुकीचे होते. मूळ दोष स्नायूंच्या आकडीत आहे असे ती मानत असे, आणि चेतापेशी मरतात या गोष्टीला द्यायला हवे तेवढे महत्त्व देत नसे. त्यामुळे किती सुधारणा होईल याबद्दलचे तिचे दावे फुगलेले असत. १९४४ मध्ये अमेरिकन अस्थिरोगतज्ज्ञांच्या एका समितीने त्यांवर कडक टीका केली. म्हणजे तिच्या हातांना जे कळले होते ते पुस्तकांना कळले नव्हते, आणि पुस्तकांना जे कळले होते ते तिने मानले नाही. रुग्णाला मात्र दोन्हींची गरज होती.

मुंबईतली सुरुवात

आपल्याकडेही या शिक्षणाची सुरुवात पोलिओ आणि अपंगत्व यांच्या काळजीतूनच झाली. मुंबईच्या फातिमा इस्माइल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. तिच्या उपचारांसाठी वणवण केल्यावर इतर मुलांना हे उपचार मिळावेत म्हणून त्यांनी १९४७ मध्ये मुंबईत उपचार केंद्र सुरू केले. त्यातूनच पुढे हाजी अलीचे मुलांचे अस्थिरोग रुग्णालय उभे राहिले.

दुसरे नाव कमला निंबकर यांचे. फलटणच्या कमला निंबकर बालभवन या शाळेमुळे शिक्षकांना हे नाव परिचित असेल. मूळच्या अमेरिकेच्या एलिझाबेथ लंडी या १९३० मध्ये लग्नानंतर निंबकर झाल्या आणि भारतातच राहिल्या. पुढे वयाच्या पंचेचाळिशीनंतर त्या अमेरिकेत जाऊन व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) शिकून आल्या आणि १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी या विषयाची शाळा काढली. आशियातील ही अशी पहिलीच शाळा. लगोलग, १९५२-५३ च्या सुमारास, त्याच रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराची शाळा सुरू झाली. देशातील भौतिकोपचाराच्या शिक्षणाचा आरंभ तेथून मानतात. १९५५ मध्ये भौतिकोपचारकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि हाजी अलीजवळ केंद्र सरकारची पुनर्वसन संस्थाही उभी राहिली.

त्यानंतर या शिक्षणाला विद्यापीठाची पदवी आली, मग पदव्युत्तर पदवी आली. १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. त्याचा पदवी अभ्यासक्रम चार वर्षे आणि सहा महिन्यांची आंतरवासिता असा आखला गेला. २००२ च्या कायद्याने राज्यात या दोन्ही व्यवसायांसाठी परिषदेची तरतूद झाली. पन्नास वर्षांत पायरी चांगलीच उंच झाली.

डॉक्टरांच्या बाबतीत काय घडले होते?

पायरी उंच केल्याने काय होते याचा एक मोठा धडा आपल्या देशाला आधीच मिळाला होता. तो भौतिकोपचारातला नाही, वैद्यकातला आहे.

ब्रिटिश काळात आपल्याकडे दोन प्रकारचे डॉक्टर तयार होत. विद्यापीठाची पदवी घेतलेले, आणि वैद्यकीय शाळेत साधारण चार वर्षे शिकून परवाना मिळवणारे 'लायसेन्शिएट'. मुंबई इलाख्यात १९१२ मध्ये स्थापन झालेले कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स हा परवाना देई. आपल्या आजोबांच्या पिढीत गावोगावच्या दवाखान्यांवर 'एल.सी.पी.एस.' अशी अक्षरे दिसत, ती याच परवान्याची. पुण्याची बी. जे. वैद्यकीय शाळा आणि नागपूरची रॉबर्टसन वैद्यकीय शाळा येथे असेच डॉक्टर घडत.

१९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल आला. समितीने मोजले तेव्हा ब्रिटिश भारतात ४७,५२४ नोंदणीकृत डॉक्टर होते. त्यांपैकी १७,६५४ पदवीधर आणि २९,८७० लायसेन्शिएट. म्हणजे दर आठ डॉक्टरांमागे पाच जण विनापदवीचे. समितीने शिफारस केली की यापुढे एकाच दर्जाचा, पदवीधर डॉक्टर घडवावा. गरिबाला कमी शिकलेला आणि श्रीमंताला जास्त शिकलेला डॉक्टर असा भेद स्वतंत्र देशात नको, हा त्यामागचा विचार खोटा नव्हता. समितीतल्या काही सदस्यांनी मात्र, एवढ्या मोठ्या देशाला लागणारे डॉक्टर मिळेपर्यंत ही शाखा बंद करू नये, असे वेगळे मत नोंदवले.

त्याच वर्षी पुण्याच्या शाळेचे महाविद्यालय झाले, १९४७ मध्ये नागपूरला वैद्यकीय महाविद्यालय आले. लायसेन्शिएटांना पदवी मिळवता यावी म्हणून काही ठिकाणी संक्षिप्त अभ्यासक्रम ठेवले गेले. शिक्षणाचा दर्जा वाढला यात शंका नाही. आपल्या शहरालाही १९५६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. पण पदवीधर डॉक्टर खेड्यात जाऊन राहीनात. लायसेन्शिएट म्हातारे झाले आणि त्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या.

मग काय झाले? काढून टाकलेली पायरी नाव बदलून पुन्हा पुन्हा परत आली. छत्तीसगडने २००१ मध्ये ग्रामीण भागासाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला आणि काही वर्षांत तो गुंडाळला. २००४ मध्ये आसामने तशाच अभ्यासक्रमासाठी कायदा केला. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात मर्यादित परवान्याच्या 'सामुदायिक आरोग्य सेवादात्या'ची तरतूद आली. अट वाढली म्हणून गरज संपत नाही. ती दुसरे दार शोधते.

सहायकाचा जन्म

आता पुन्हा भौतिकोपचाराकडे वळू. अमेरिकेत भौतिकोपचारक पदवीधर झाला, त्याचे काम वाढले आणि माणसे अपुरी पडू लागली. तेव्हा १९६७ मध्ये तेथील व्यावसायिक संघटनेने 'भौतिकोपचार सहायक' हा नवा दर्जा मान्य केला. दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण, आणि भौतिकोपचारकाच्या देखरेखीखाली काम. तपासणी करायची, उपचाराचा आराखडा ठरवायचा तो भौतिकोपचारकाने. रोजचे व्यायाम करून घ्यायचे ते सहायकाने. पहिले सहायक १९६९ मध्ये शिकून बाहेर पडले. १८९४ मध्ये डॉक्टर आणि मालिशवाली यांच्यात जी विभागणी झाली होती, तीच आता एक पायरी खाली सरकली.

वरची पायरी मात्र स्थिर नव्हती. १९९३ मध्ये अमेरिकेत भौतिकोपचाराचा पहिला 'डॉक्टर' दर्जाचा प्रवेश-अभ्यासक्रम सुरू झाला. २००२ नंतर नुसत्या पदवीच्या अभ्यासक्रमांना मान्यता मिळेनाशी झाली आणि २०१६ पासून डॉक्टर ही उपाधीच किमान अट बनली. पदवीची चार आणि पुढची तीन, अशी सुमारे सात वर्षे. सहायक मात्र दोन वर्षांवरच राहिला. सात आणि दोन यांतली दरी मोठी झाल्यावर सहायकालाही चार वर्षांची पदवी असावी अशी चर्चा तेथे सुरू झाली.

बाजू मांडणारे म्हणतात : आता रुग्ण वयस्क असतात, एकाच माणसाला मधुमेह, हृदयविकार आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया असे सारे एकदम असते. व्यायाम करून घेताना छातीत कळ आली तर थांबायचे की पुढे जायचे हे खाटेशेजारी उभ्या असलेल्या सहायकालाच ठरवावे लागते. विरोध करणारे म्हणतात : दोन वर्षे जास्त म्हणजे दोन वर्षांचे शुल्क आणि दोन वर्षांची बुडालेली कमाई. पगार तेवढा वाढेल याची हमी काय? आणि कमी पैशांच्या घरातली मुले ज्या दारातून आत येतात, तेच दार अरुंद होईल.

याच काळात जगाच्या दुसऱ्या भागात नेमका उलटा प्रयत्न चालू होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये अपंग व्यक्तींच्या घरच्यांसाठी आणि गावातल्या कार्यकर्त्यांसाठी सोप्या चित्रांची प्रशिक्षण पुस्तिका काढली. पोलिओ किंवा मेंदूच्या पक्षाघाताने अधू झालेल्या मुलाला रोज हलवणारी, बसवणारी शेवटी त्याची आईच असते. तेव्हा ज्ञान वर नेण्याबरोबर खाली पोहोचवले पाहिजे, हा त्यामागचा विचार.

खांद्याचा धडा

आता आजीकडे परत जाऊ. दोन महिन्यांनी आजीचा उजवा खांदा विलक्षण दुखू लागला. मावशी अधिकच मन लावून हात ओढून व्यायाम देऊ लागल्या आणि दुखणे वाढले. शेवटी घरच्यांनी एका भौतिकोपचारक बाईंना बोलावले. त्यांनी अर्धा तास तपासले आणि सांगितले, "खाटेवरून उठवताना आजींना दुबळ्या हाताला धरून ओढू नका."

कारण समजून घेण्यासारखे आहे. खांद्याच्या सांध्याची खोबण अगदी उथळ असते. दंडाच्या हाडाचे गोल डोके त्या खोबणीत टेकून राहते ते मुख्यतः भोवतालच्या स्नायूंच्या जोरावर. पक्षाघातात हे स्नायू सैल पडले की हाताच्या वजनानेच डोके खाली घसरू लागते. अशा वेळी हात ओढला तर सांध्याभोवतीच्या ऊती ताणल्या जातात, दुखावतात. जो व्यायाम आखडलेल्या खांद्याला औषध, तोच सैल खांद्याला इजा. दोन्हींमध्ये हातांची हालचाल सारखीच दिसते. फरक असतो तो 'हा खांदा कोणत्या प्रकारचा आहे' हे ओळखण्यात.

त्या बाईंनी मावशींना समोर बसवले. हाताखाली उशी कशी ठेवायची, खांद्याचे पाते आधाराने कसे हलवायचे, उठवताना कुठे धरायचे हे तीन वेळा करून दाखवले आणि मावशींकडून करून घेतले. पुढचे सारे मावशींनीच केले. दुखणे हळूहळू उतरले. भौतिकोपचारक बाई नंतर दोनदाच आल्या. रोज त्यांना बोलावणे त्या घराला परवडले नसते. आणि त्या आल्याच नसत्या, तर मावशींचा प्रामाणिकपणाच आजीला बाधला असता.

माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर या अर्ध्या तासात आहे. साडेचार वर्षे लागतात ती हात हलवायला शिकण्यासाठी नव्हे, तर कधी हलवायचा नाही हे कळण्यासाठी. ज्याने निर्णय घ्यायचा त्याला शरीररचना, चेतासंस्था, रोगनिदान हे सारे आलेच पाहिजे. अट वाढवण्याचे योग्य कारण हेच एक. नावामागे चार अक्षरे वाढावीत किंवा वर्गात गर्दी कमी व्हावी ही कारणे पुरेशी नाहीत.

पण मग मावशींचे काय? २०२१ मध्ये संसदेने 'राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा' केला. त्यात दोन पातळ्या आहेत. 'आरोग्यसेवा व्यावसायिक' : किमान ३,६०० तासांचे शिक्षण, तीन ते सहा वर्षांत. आणि 'सहयोगी आरोग्य व्यावसायिक' : किमान २,००० तास, दोन ते चार वर्षांत. दिवसाला सहा तास धरले तर एक ६०० दिवसांचे शिक्षण, दुसरे सुमारे ३३३ दिवसांचे. भौतिकोपचारकाला पदवी हवी आणि तो स्वतंत्रपणे काम करू शकतो, हेही कायद्याने स्पष्ट केले. हात आणि निर्णय यांच्यामध्ये शिकलेल्या, नोंदलेल्या माणसांची पायरी असू शकते हे कायद्याने मान्य केले, ही चांगली गोष्ट आहे. मात्र मावशींसारख्या ज्या बायका आज घरोघरी हे काम करतात, त्या २,००० तासांच्याही बाहेरच आहेत. त्यांना रोजचा पगार सोडून दोन वर्षे वर्गात बसणे शक्य नाही. एल.सी.पी.एस. डॉक्टरांसाठी निदान संक्षिप्त अभ्यासक्रम तरी होता. यांना थोडे थोडे शिकत वर चढता येईल अशी सोय केल्याशिवाय अट वाढवली, तर काम त्याच करतील, फक्त त्यांना शिकवणारे कोणी नसेल.

पायरी उंच करायला हरकत नाही. पण ती उंच करताना प्रत्येक वेळी तीन गोष्टी विचाराव्यात. हे शिक्षण वाढल्याने कोणता निर्णय अधिक चांगला होणार आहे? ही अट वाढल्याने कोण बाहेर राहणार आहे? आणि बाहेर राहिलेल्याला वर येण्यासाठी मधली पायरी ठेवली आहे का? शिक्षक होण्यासाठीच्या अटीही आपल्या डोळ्यांदेखत वाढल्या आहेत. तेव्हा हे प्रश्न शिक्षकांच्या खोलीतही विचारायला हरकत नसावी.

त्या मुलीने भौतिकोपचारालाच प्रवेश घेतला. परवा भेटली तेव्हा तिला विचारले, काय चालले आहे? म्हणाली, "मॅडम, सध्या खांदा चालू आहे. घरी गेले की मावशींना सांगते. त्या मला विचारतात, मग मला पुन्हा पुस्तक उघडावं लागतं."